वहीतली मांजाची नोंद



संक्रांत होऊन आठवडा झाला की मी दरवर्षी एक काम करते. कात्री घेऊन गच्चीवर जाते आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपाला, जुन्या अँटिनाच्या दांड्याला, शेजारच्या पिंपळाच्या हाताला येतील तेवढ्या फांद्यांना अडकलेला मांजा कापून गोळा करते. यंदा तो गोळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. दोनशे दहा ग्रॅम भरला. एका गच्चीचा. इतवारीत गच्च्या किती आहेत ते तुम्हीच मोजा.

पक्ष्यांसाठी तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं तर आपल्यातल्या बहुतेकजणी सांगतील, सकाळी दाणे टाकतो, उन्हाळ्यात पाणी ठेवतो. मीही तेच सांगत होते. आणि त्याच काळात माझ्या हातून वहीत काय लिहिलं जात होतं, ते आज सांगते.

आमचं दुकान इतवारीतच आहे. स्टेशनरी, कटलरी आणि हंगामी माल. हंगामी म्हणजे राखीपौर्णिमेला राख्या, होळीला पिचकाऱ्या आणि डिसेंबर लागला की पतंग, चक्री, मांजा. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासऱ्यांनी रोजमेळ माझ्यापुढे सरकवला. तेव्हा मांजा सुती असायचा. मग नायलॉनचा आला. गिऱ्हाईक तोच मागायचं, कारण तो तुटत नाही आणि स्वस्तही पडतो. दिरांनी ठेवायला सुरुवात केली. जानेवारीच्या पंधरा दिवसांत त्या एका मालावर जो नफा दिसायचा, तो मी स्वतः खतावला आहे. छान अक्षरात. त्यातून दशलक्षण पर्वात देवळाला दानही दिलं आहे.

एका संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुकानासमोरच्या विजेच्या तारेला एक गायबगळा उलटा लटकलेला दिसला. पंखाच्या सांध्यात दोरा रुतला होता. खाली माणसं उभी होती, कोणी म्हणालं शिडी आणा, कोणी म्हणालं आधी लाइट बंद करायला सांगा. हे सगळं होईपर्यंत तो हलायचा थांबला. दोरा कोणाच्या दुकानातला, ते कोण सांगणार? पण आमच्या दुकानातला नव्हता, असंही मला म्हणता येईना. त्या रात्री सामायिकाला बसले, पण मन काही लागलं नाही.

त्यानंतर मी जुन्या गोष्टी वाचायला लागले. आपल्याकडे पक्ष्यांसाठी कोणी काय केलं, इतर देशांत कोणी काय केलं. वाचता वाचता लक्षात आलं की पक्षी वाचवण्याच्या इतिहासात दाणे टाकणाऱ्यांपेक्षा काहीतरी सोडून देणाऱ्यांचा हात मोठा आहे. आणि त्यात आपल्यासारख्या घरातल्या बायका पुष्कळ आहेत.

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेत बायकांच्या टोपीला पिसं लावायची फॅशन होती. नुसती पिसं नव्हे, कधी कधी अख्खा पक्षी पेंढा भरून टोपीवर बसवलेला असे. सगळ्यात जास्त मागणी बगळ्याच्या तुऱ्यासारख्या पिसांना. ही पिसं बगळ्यांना विणीच्या हंगामातच येतात, म्हणजे शिकारी नेमके घरट्यांवर जाऊन मारायचे आणि पिल्लं घरट्यात उपाशी मरायची. ही पिसं वजनाला सोन्याच्या भावानं जायची. (सराफा ओळीत राहणाऱ्या आपल्याला हे बरोबर कळतं!) लंडनच्या लिलावात माल जगभरातून यायचा, त्यात हिंदुस्थानातलाही होता. बाजारात त्या पिसांना 'ऑस्प्रे' असं भलतंच नाव होतं, आणि ही तर नकली आहेत, असं सांगून दुकानदार बायकांची समजूत घालायचे.

१८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी गावात एमिली विल्यमसन नावाच्या बाईंनी आपल्या घरीच एक मंडळ काढलं. सुरुवातीला सगळ्या बायकाच. त्याच वर्षी लंडनजवळ क्रॉयडनला एलायझा फिलिप्स यांच्याकडेही अशाच बायका जमू लागल्या, आणि पुढे १८९१ मध्ये दोन्ही मंडळं एक झाली. अट साधी होती. खाण्यासाठी मारलेल्या पक्ष्यांखेरीज कोणत्याही पक्ष्याचं पीस अंगावर घालायचं नाही. शहामृगाला सूट होती, कारण त्याची पिसं त्याला न मारता काढता येतात. १९०४ मध्ये या संस्थेला राजाची सनद मिळाली. पक्ष्यांसाठी काम करणारी ती आज ब्रिटनमधली फार मोठी संस्था आहे. तिकडे अमेरिकेत बोस्टनला १८९६ मध्ये हॅरिएट हेमनवे आणि तिची चुलत बहीण मिना हॉल यांनी तर गंमतच केली. शहरातल्या प्रतिष्ठित घरांची यादी असलेलं पुस्तक घेतलं, त्यातल्या पिसं घालणाऱ्या बायकांच्या नावांवर खुणा केल्या आणि एकेकीला चहाला बोलावायला सुरुवात केली. नऊशेच्या आसपास बायका तयार झाल्या. मोर्चा नाही, भाषण नाही. आपण हळदीकुंकवाला बोलावतो तसं.

या चहापानांचा धागा आपल्यापर्यंतही पोचतो. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारनं जंगली पक्ष्यांची कातडी आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी केली. चोरून माल जातच राहिला, कारण तिकडे घेणारे होते. ब्रिटननं १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर कायदा केला, फॅशनही बदलली, तेव्हा कुठे बगळ्यांना उसंत मिळाली. वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात, मागणी तसा पुरवठा. बंदी पुरवठ्यावर येते. मागणी घराघरांतून थांबवावी लागते, आणि ते पोलिसांच्या हातात नसतं.

मला सगळ्यात लागलं ते हे, की तो पक्षी तोच. इंग्रज बायकांनी ज्याचं पीस टोपीवरून उतरवलं, तो बगळा शंभर वर्षांनी माझ्या दुकानासमोरच्या तारेवर लटकत होता.

मग आपलं घर पाहिलं. आपल्याकडे तर हे सगळं आधीपासून लिहून ठेवलेलं आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तीन गुणव्रतं सांगितली आहेत, त्यातलं एक अनर्थदंडव्रत. कारण नसताना, प्रयोजन नसताना घडणारी हिंसा टाळायची. त्याचे पाच प्रकार दिले आहेत आणि त्यातला एक आहे हिंसादान. म्हणजे ज्यानं जीव जाईल अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, साखळी अशी नावंही तिथे आहेत. मी हे पाठशाळेत पाठ केलं होतं. नातवंडांना शिकवलंही होतं. पण कुऱ्हाड-तलवार म्हटलं की आपल्याला वाटतं, आपल्या घरात कुठे आहे? चक्रीवर गुंडाळलेला रंगीत दोरा त्या यादीत बसतो, हे सुचायला बगळा मरावा लागला.

आपल्या समाजाचा जीवदयेचा इतिहास लहान नाही. सोळाव्या शतकात अकबराच्या दरबारात आचार्य हीरविजयसूरी गेले, तेव्हा बादशहानं पर्युषणाच्या दिवसांत कत्तल थांबवण्याची फर्मानं काढली आणि पिंजऱ्यातले पक्षी सोडून दिले, हे श्वेतांबर मैत्रिणींकडे अजून अभिमानानं सांगतात. मुंबईची पांजरापोळ १८३४ ची. त्याच्या दोन वर्षं आधी सरकारनं मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला म्हणून मुंबईत दंगल उसळली होती, तिच्यात पारशी पुढे होते आणि जैन-हिंदू व्यापारीही होते. जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा अमीचंद यांच्या घराण्याच्या पैशातून ती उभी राहिली. दिल्लीच्या चांदणी चौकातलं जैन धर्मादाय पक्षी रुग्णालय १९२९ मध्ये सुरू झालं, आता ते लाल मंदिराच्या आवारात आहे. दिल्लीला गेलात तर दर्शन झाल्यावर तिथेही जाऊन या. लहान लहान कप्प्यांत ठेवलेली, पट्ट्या बांधलेली कबुतरं पाहून डोळे भरून येतात.

पण तिथल्या नियमात एक गाठ आहे. मांसाहारी पक्ष्यांना तिथे मुक्कामी ठेवत नाहीत, वरच्यावर औषधोपचार करून सोडतात. कारण समजण्यासारखं आहे. घारीला ठेवायचं तर मांस आणावं लागणार, आणि घारीशेजारी कबुतर तरी कसं ठेवायचं? दिल्लीतल्याच नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दोघा भावांना लहानपणी जखमी घार सापडली होती. ती मांसाहारी आहे म्हणून धर्मादाय रुग्णालयात घेतली नाही, असं त्यांनी सांगितलं आहे. मोठं झाल्यावर या भावांनी आपल्या घराच्या तळघरात, साबणदाणीच्या कारखान्याशेजारी, घारींवर उपचार सुरू केले. हजारो घारी वाचवल्या. त्यांच्यावर 'ऑल दॅट ब्रीद्स' नावाचा माहितीपट निघाला आणि २०२३ मध्ये तो ऑस्करच्या अंतिम नामांकनात होता. नातवानं तो मला लावून दिला. मी पूर्ण पाहिला आणि मग बराच वेळ गप्प बसले.

आपण रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जातो. त्यांच्या पूर्वभवातली मेघरथ राजाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ससाण्यानं पाठलाग केलेलं कबुतर राजाच्या आश्रयाला येतं. श्वेतांबर परंपरेत सांगतात त्या कथेत राजा स्वतःचं मांस तराजूत घालतो. का घालतो? कारण ससाणाही उपाशी आहे आणि त्याचंही काही म्हणणं आहे, हे राजाला मान्य आहे. आपण कबुतर लक्षात ठेवलं, ससाण्याला विसरलो. आणि जटायू? आपल्या पद्मपुराणात तो गिधाडच आहे, मुनींच्या सान्निध्यात त्याला पूर्वभव आठवतो आणि तो श्रावकाची व्रतं घेतो. गिधाड श्रावक होऊ शकतं, तर घारीला पट्टी बांधायला आपण का कचरावं?

गिधाडांची गोष्ट तर फार वाईट झाली. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक नावाचं औषध मेलेल्या जनावराच्या अंगात राहतं, ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. नव्वदच्या दशकापासून पंधरा-वीस वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एक उरलं नाही. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातून लांब चोचीची दहा गिधाडं आपल्या पेंचला आणली. ज्यांची गावाकडे शेती आहे, गुरं आहेत, त्यांनी गडीमाणसाला एवढं नक्की सांगावं की जनावराला माणसाचं दुखण्याचं औषध टोचू देऊ नको.

आता पुन्हा मांजाकडे. राष्ट्रीय हरित लवादानं ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली. बनवणं, विकणं, साठवणं, विकत घेणं, वापरणं, सगळंच. लोक त्याला चायनीज मांजा म्हणतात, पण बराचसा माल आपल्याच देशात तयार होतो. पिसाला ऑस्प्रे म्हणण्यातलाच हा प्रकार. दोष लांबच्याच्या नावावर टाकला की घेणाऱ्याला बरं वाटतं. बंदीनंतरही आपल्या नागपुरात काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुणाचा गळा चिरून जीव गेला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. माणूस मेल्यावर बातमी होते. तारांवरच्या पाखरांची कोण नोंद ठेवतं?

सुती मांजालाही काचेचा लेप असतोच आणि तोही कापतो. फरक इतकाच की तो ताण पडला तर तुटतो आणि पावसापाण्यात कुजून जातो. नायलॉनचा झाडात अडकला की कित्येक महिने तिथेच. म्हणजे संक्रांतीला अडकलेल्या दोऱ्यात उन्हाळ्यात घरटं बांधायला आलेला पक्षीही सापडतो. म्हणून मी दोरा कापायला जाते, आणि तो कचऱ्यात तसाच टाकत नाही. बारीक तुकडे करून कागदाच्या पुड्यात बांधते, नाहीतर तो भांडेवाडीला जाऊन तिथल्या बगळ्या-घारींच्याच पायात अडकणार.

आमच्या दुकानातून तो माल कसा गेला, ते विचाराल. बंदीच्या आधीच गेला, पण सहज नाही. मी दिरांना म्हटलं, भाऊजी, यापुढे या मालाची नोंद मी लिहिणार नाही. ते म्हणाले, वहिनी, आपण नाही विकला तर शेजारचा विकेल, पोरं उडवायची थोडीच थांबणार? खरं होतं ते. मी म्हटलं, विकू दे, त्याची वही मला लिहायची नाही. दोन महिने घरात बोलणं जेवणापुरतंच होतं. सासूबाईंनी शेवटी मध्ये पडून सांगितलं की हिनं वही सोडली तर दुसरा मुनीम पगारावर ठेवावा लागेल. हिशेब भाऊजींना पटला! धर्म पटला की नाही, मी कधी विचारलं नाही.

आणखी एक-दोन गोष्टी, ज्या आपण पुण्य म्हणून करतो. वाढदिवसाला किंवा महावीर जयंतीला फेरीवाल्याकडून पक्षी विकत घेऊन सोडायची पद्धत अजून आहे. अकबरानं सोडले ते बादशहाचेच पक्षी होते, त्यानं पुन्हा धरायची मागणी नोंदवली नाही. आपण पैसे देतो, तेव्हा पुढच्या वर्षीची ऑर्डर देतो. जंगलातून धरून शहरात पोचेपर्यंत किती मरतात, ते आपल्याला दिसत नाही. रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून देशात बंदी आहे, पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटसुद्धा कायद्यानं रानपक्षीच.

दाण्यांबद्दल लिहिलं की काहीजणी रागावतील. २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करायचं ठरलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, आपल्या लोकांनी जाऊन ती काढली, तेव्हा माझ्या फोनवरही भरभरून निरोप आले होते. डॉक्टर श्वसनाच्या आजारांबद्दल सांगतात ते मी नाकारत नाही, आणि वर्षानुवर्षं खायची सवय लावून एका दिवसात दाणा बंद करणं मलाही क्रूर वाटतं. पण एवढं कबूल करायला हवं, की चौकात पोतं ओतल्यानं पारव्यांची संख्या वाढते, रानपाखरांना त्याचा काही उपयोग नाही. चिमणीला हवं असतं भिंतीतलं भोक, वळचणीची जागा, पिल्लांसाठी अळ्या-किडे. आमची जुनी कवेलूंची घरं पडून स्लॅब आले, तेव्हा चिमण्या गेल्या. दाणे तर आम्ही तेव्हाही टाकतच होतो.

नागपूरच्या मे महिन्यात पाणी मात्र ठेवाच. मातीचं पसरट, उथळ भांडं, मध्ये एक दगड, सावलीत. रोज घासून गाळलेलं पाणी भरा. पाणी गाळणं आपल्याला कोणी शिकवायला नको. शिळं पाणी तसंच राहिलं तर त्यात डासांच्या अळ्या होतात, आणि मग ते ओतताना पुन्हा तोच प्रश्न.

मागच्या महिन्यात, संक्रांतीच्याच संध्याकाळी, जागनाथ बुधवारीतल्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या गच्चीवर घार पडली होती, पंखाला मांजा. ती रडवेली. म्हणाली, अगं, हिला खायला काय देऊ? घरात मांस कसं आणू, आणि दूध-पोळी ही खाईल का?

मी म्हटलं, काहीच देऊ नकोस. जखमी पक्ष्याला आपण खायला घालायचंच नसतं, तोंडात पाणीही ओतायचं नसतं, ते श्वासनळीत जातं. जाड टॉवेल अंगावर टाक म्हणजे नखं लागणार नाहीत. रुतलेला दोरा ओढू नकोस, दोन्ही बाजूंनी कापून तेवढाच तुकडा राहू दे. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाड, खाली जुनी सुती साडी घाल आणि तिला आत ठेवून खोकं अंधाऱ्या खोलीत ठेव. मग वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन कर. सेमिनरी हिल्सवर त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, घार असो की घुबड, तिथे घेतात.

तिनं विचारलं, एवढंच?

एवढंच, म्हटलं. आणि पोरांना सांग, दारापाशी गोंगाट करू नका. तिनं फोन ठेवला, मग दहा मिनिटांनी पुन्हा केला. खोकं कोणतं चालेल, तिच्याकडे मिक्सरचं होतं आणि सासूबाईंच्या साड्यांचं होतं. मी म्हटलं, साड्यांचं घे, ते मोठं असतं.